दोन कडू फुलपाखरांचा हिशोब

दक्षिण ब्राझीलच्या जंगलात इटुना आणि थिरिडिया ही दोन फुलपाखरं उडताना एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. चवदार फुलपाखरू कडू फुलपाखराचं सोंग घेऊन पक्ष्यांपासून वाचतं, हे हेन्री बेट्स या इंग्रज निसर्गवेत्त्याने १८६२ मध्येच दाखवलं होतं. पण इटुना आणि थिरिडिया दोन्ही कडू! मग सोंग घ्यायचं कशासाठी?

हे कोडं सोडवलं फ्रिट्झ म्युलर या जर्मन निसर्गवेत्त्याने. एरफुर्टजवळच्या खेड्यातल्या धर्मोपदेशकाचा हा मुलगा वैद्यकी शिकला, पण पदवीच्या शपथेत देवाचं नाव होतं आणि त्याचा देवावर विश्वास नव्हता. खोटी शपथ घेण्यापेक्षा त्याने पदवीवरच पाणी सोडलं. मला तो इथेच आवडायला लागतो. १८५२ मध्ये तो कुटुंबासह ब्राझीलमधल्या ब्लुमेनाऊ वसाहतीत गेला, जंगल तोडून शेती केली, नंतर डेस्टेरो गावात गणित शिकवलं. तिथल्या समुद्रातल्या कोळंबीसारख्या प्राण्यांच्या अळ्या अभ्यासून त्याने १८६४ मध्ये डार्विनच्या बाजूने पुस्तक लिहिलं. दोघांची भेट कधीच झाली नाही, पत्रं मात्र डार्विनच्या मृत्यूपर्यंत चालू राहिली.

म्युलरचा विचार असा: कोणतं फुलपाखरू कडू, हे पक्ष्याला जन्मतः कळत नसेल, तर ते तो चाखूनच शिकणार. म्हणजे शिकवणीची किंमत फुलपाखरांच्या जिवाने चुकवायची. समजा, एका भागात एका जातीची २,००० आणि दुसरीची १०,००० फुलपाखरं आहेत, आणि पक्षी शहाणे होईपर्यंत १,२०० मरतात. रूपं वेगळी असतील, तर प्रत्येक जातीला १,२०० गमवावी लागतील. रूप एकच असेल, तर तेच १,२०० बळी दोघींत वाटले जातील: पहिलीचे २००, दुसरीचे १,०००. पहिलीची १,००० वाचली, म्हणजे निम्मी जात! दुसरीची २००, म्हणजे जेमतेम २ टक्के.

संख्येचं प्रमाण १ला ५, तर फायद्याचं २५ला १. म्हणून दुर्मीळ जातीवर सारखं दिसण्याचा दबाव जास्त. संख्या जवळपास सारख्या असतील, तर दोघींचाही फायदा होतो, आणि कोणी कोणाची नक्कल केली हा प्रश्नच उरत नाही.

१८७८-७९ मध्ये छापलेला हा हिशोब उत्क्रांतिशास्त्रातल्या अगदी सुरुवातीच्या गणिती मांडण्यांपैकी एक. अशा साम्याला आजही म्युलरचंच नाव आहे.