गोवर उतरल्यावर चढणारा ताप

गोवर आला की घरात सगळ्यांचं लक्ष पुरळाकडे असतं. चेहऱ्यावर उठलं, छातीवर उतरलं, पायांपर्यंत गेलं का? पुरळ उठल्यावर तीन-चार दिवसांत ताप उतरायला हवा. तो उतरला नाही, किंवा उतरून पुन्हा चढला, तर पुरळ बघत बसू नका, मुलाचा श्वास बघा. गोवरात मुलं सर्वांत जास्त दगावतात ती न्यूमोनियाने.

गोवराचा विषाणू शिरतोच मुळी श्वासावाटे. फुफ्फुसात पहारा देणाऱ्या पेशींनाच तो आधी गाठतो, त्यांच्यातून लसिकाग्रंथींत जातो, रक्तातून अंगभर पसरतो आणि शेवटी परत श्वासमार्गाच्या अस्तरात येतो. काही मुलांत तो स्वतःच फुफ्फुसं सुजवतो. तिथल्या पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी बनतात. ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावलेली आहे, त्यांना हा न्यूमोनिया अंगावर एकही पुरळ न उठता होऊ शकतो. कारण पुरळ उठतं ते विषाणूशी लढणाऱ्या टी-पेशींमुळे. पुरळ नाही म्हणून निर्धास्त राहणं म्हणूनच धोक्याचं.

अनेकदा घात करतात ते मागाहून येणारे जिवाणू: न्यूमोकोकस, हिमोफिलस, स्टॅफिलोकोकस. अस्तर सोलवटलेलं असतं, आणि जुन्या आजारांची ओळख जपणाऱ्या पेशी गोवराने मारलेल्या असतात. क्षयाच्या त्वचाचाचणीला प्रतिसाद देणारी मुलं गोवरात तो देईनाशी होतात, म्हणजे शरीर ती ओळख दाखवेनासं होतं, हे व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०८ मध्येच नोंदवलं होतं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचं रक्त तपासलं होतं, तेव्हा गोवरानंतर त्यांच्या प्रतिपिंडांच्या, म्हणजे जंतूंना ओळखून अडवणाऱ्या प्रथिनांच्या, साठ्यातला ११ ते ७३ टक्के भाग नाहीसा झालेला दिसला. गोवर बरा होतो, पण हा साठा भरून यायला महिने, कधी वर्षं लागतात.

श्वास मोजायला यंत्र लागत नाही. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाचे श्वास ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर रात्र असली तरी थांबू नका. अंगारा, कडुनिंबाचा पाला यांत वेळ जातो, आणि तोच वेळ मुलाकडे नसतो. जिवाणूंचा न्यूमोनिया प्रतिजैविकांनी बरा होतो. गोवरात सलग दोन दिवस दिलेला अ जीवनसत्त्वाचा डोसही जीव वाचवतो. तो डॉक्टरच वयाप्रमाणे देतात.

एमआर (गोवर-रुबेला) लसीचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी आणि आसपास साथ आली, तेव्हा नऊ महिन्यांच्या आतली बाळंही आजारी पडू लागली, म्हणून सहा महिन्यांपासूनच एक जादा डोस द्यावा लागला.