अठरा पूर्ण झाल्यावर: ‘अनुरक्षण’ या शब्दामागचा कायदा आणि कागद

मिरजेहून येणारा रूळ कोल्हापुरात संपतो. घर सोडून गाडीत बसलेलं पोर झोप लागून कुठंही उतरलं नाही, तरी इथं त्याला उतरावंच लागतं. शेजारीच मध्यवर्ती बसस्थानक, चालत जाण्याच्या अंतरावर अंबाबाईचं देऊळ आणि अन्नछत्र. त्यामुळे शहराच्या आकारमानाच्या मानानं इथं पळून आलेल्या मुलांचा प्रश्न जुना आहे. १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन, चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करणं, मग बालगृह, हा मार्ग बहुतेकांना ठाऊक असतो. इथं मांडायचं आहे ते त्या वाटेचं दुसरं टोक. तेच मूल अठराचं झालं की काय होतं, आणि हे असं का ठरलं?

अठरानंतरच्या या आधाराला सरकारी मराठीत ‘अनुरक्षण’ म्हणतात. हिंदीत हाच शब्द रूळ आणि डब्यांच्या देखभालीला वापरतात, म्हणून रेल्वेच्या फलकावर तो दिसला की नवख्या कार्यकर्त्याचा हमखास गोंधळ होतो. मराठीत तो आला ‘परिविक्षा व अनुरक्षण’ या जोडीतून. परिविक्षा म्हणजे शिक्षेऐवजी देखरेखीखाली सोडणं, अनुरक्षण म्हणजे सुटल्यानंतर मागे राहून सांभाळणं. शब्दाचं मूळ असं ‘सुटका’ या कल्पनेत आहे. ज्याला कुणी कोंडलंच नव्हतं, त्याच्यासाठी शब्दच नाही. पुढचा सगळा गुंता यातून येतो.

जुना काळ थोडक्यात. संस्थानी कोल्हापुरात १९०१ पासून जातवार वसतिगृहं उभी राहिली आणि गावाकडच्या पोराला शहरात राहून शिकायची सोय झाली. पण ती शिकणाऱ्यांसाठी होती, भटकणाऱ्यांसाठी नव्हे. मुंबई इलाख्याचा १९२४ चा मुलांचा कायदा संस्थानाला लागू नव्हता. १ मार्च १९४९ ला विलीनीकरण झालं आणि मुंबई राज्याची चौकट इकडे आली. ‘रिमांड होम’ हे नाव त्याच चौकटीतलं, आणि ते इतकं चिकटलं की निरीक्षणगृह (गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठीचं) आणि बालगृह कायद्यानं वेगळे होऊनही रिक्षावाल्याला आजही ‘रिमांड होम’च सांगावं लागतं. मुलींच्या बाबतीत ‘पुढची व्यवस्था’ म्हणजे स्थळ पाहणं, हा समज त्या काळापासून बराच टिकला.

१९८६ चा बाल न्याय कायदा २ ऑक्टोबर १९८७ पासून अमलात आला. त्यात मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी अठरापर्यंत ‘बाल’ होती. २००० च्या कायद्यानं दोघांनाही अठरा लावले. हा बदल १ एप्रिल २००१ पासून लागू झाला. सोळा ते अठरामधला मुलगा, जो आधी सरळ मोठ्यांच्या जगात ढकलला जाई, तो आता संस्थेत राहू शकत होता. त्याच कायद्यात अनुरक्षण संस्थांचं स्वतंत्र कलम होतं. मुक्काम जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि सतरा ते अठरामध्ये दाखल झालेल्याला विसाव्या वर्षापर्यंत. म्हणजे मदत इमारतीशी बांधलेली होती. खाट असेल तर सोय, नसेल तर नाही.

२०१५ च्या नव्या बाल न्याय कायद्यानं ही गाठ सोडवताना दुसरी मारली. वाद आहे तो इथंच. कलम २ मधली व्याख्या सैल आहे. अठरा पूर्ण, एकवीस अपूर्ण, आणि संस्थात्मक देखभालीतून बाहेर पडलेली व्यक्ती, एवढंच ती मागते. कधी बाहेर पडली, किती दिवस आत होती, हे ती विचारत नाही. कलम ४६ मात्र आवळ आहे. ते बोलतं ‘अठरा पूर्ण झाल्यावर संस्था सोडणाऱ्या’ मुलाबद्दल, आणि तिथंही आर्थिक साहाय्य ‘देता येईल’, ‘दिलं जाईल’ नाही.

संस्थेतच वाढलेल्या अनाथ मुलाला दोन्ही कलमं सारखीच लागू पडतात. पळून आलेल्याचं तसं नसतं. समजा एक मुलगा बाराव्या वर्षी स्टेशनवर सापडला. पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल आला, चार महिन्यांच्या मुदतीत समितीचा आदेश झाला, मुलगा घरी पोहोचवला. ज्या कारणानं पळाला ते घरात तसंच होतं, म्हणजे बापाची दारू किंवा सावत्रपणाचा जाच किंवा उसाच्या फडावर नेण्याची सक्ती. चौदाव्या वर्षी तो पुन्हा निघाला, हॉटेलात कपबशा धुऊ लागला, सोळाव्या वर्षी पुन्हा सापडला, सात महिने संस्थेत राहिला, साडेसोळाव्या वर्षी पुन्हा घरी. फाइलवर शेरा ‘कुटुंबात पुनर्स्थापित’. अठराव्या वाढदिवशी तो एका गाड्यावर अंडी फोडत असतो. व्याख्येप्रमाणे तो पात्र आहे. कलम ४६ अक्षरशः वाचलं तर नाही.

आवळ वाचनाच्या बाजूचं म्हणणं टाकाऊ नाही. निधी मोजका, आणि ज्याला कुणीच नाही त्याला आधी मिळावा. शिवाय पुनर्स्थापित मुलालाही रक्कम मिळते म्हटल्यावर घरचेच अर्ज घेऊन उभे राहतील, ही भीतीही आहे. पण या वाचनाचा एक परिणाम लपत नाही. ज्याचं प्रकरण व्यवस्थेनं ‘यशस्वी’ म्हणून बंद केलं, त्यालाच ती नंतर नाकारते. घरी धाडण्याचा आदेश जितका लवकर, तितका तो मुलगा पुढे कोरडा. पाठपुराव्याच्या भेटी वेळेवर होऊन ‘घरी टिकला नाही’ अशी नोंद झाली असती, तर प्रकरण पुन्हा उघडता आलं असतं. त्या भेटी हाच साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा. मूल परराज्यातलं किंवा दूरच्या जिल्ह्यातलं असेल तर पाठपुरावा तिकडच्या बाल संरक्षण कक्षाकडे जातो, आणि पत्र पोहोचेपर्यंत मूल निघून गेलेलं असतं.

या कायद्याखालच्या केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनी चौकट थोडी भरली. एकविसापर्यंत मदत, अपवाद म्हणून आणखी दोन वर्षं, सहा ते आठ जणांची तात्पुरती गटनिवास सोय, प्रशिक्षण काळात विद्यावेतन, नियमित संपर्कात राहणारा समुपदेशक. महाराष्ट्राचे स्वतःचे नियम २०१८ साली आले. २०२२ च्या ‘मिशन वात्सल्य’ या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेमध्ये अनुरक्षणासाठी महिना ४,००० रुपये ठरले. खानावळीचा डबा आणि कॉटबेसिसचं भाडं यांतच ही रक्कम संपते. गटनिवासाला घर मिळवणं त्याहून अवघड. अकरा महिन्यांचा करार, अनामत, पोलीस पडताळणी, आणि ‘सहा-आठ पोरं’ ऐकल्याबरोबर घरमालकाचा नकार. करार संस्थेच्या नावावर केला तर घर मिळतं, पण मग मुलांकडे स्वतःच्या नावाचा पत्त्याचा पुरावा राहत नाही.

याच सुमारास अनाथांसाठीचं १ टक्का समांतर आरक्षण आलं, २०१८ साली. २०२१ मध्ये त्यात तीन प्रवर्ग झाले आणि २०२३ मध्ये ते संस्थात्मक आणि संस्थाबाह्य असे दोन उरले. वर्तमानपत्रांनी ‘संस्थेतल्या मुलांना आरक्षण’ असं लिहिलं, आणि गैरसमज पसरला. पळून आलेल्या मुलाचे आईवडील बहुधा हयात असतात, त्यामुळे अनाथ प्रमाणपत्र त्याला मिळत नाही. तो संस्थेत दहा वर्षं राहिलेला असला तरीही.

कागदांचं काम अठराव्या वर्षी सुरू केलं तर उशीर झालेला असतो. ते सोळाव्या वर्षीच हाती घ्यावं लागतं, आणि क्रम महत्त्वाचा. आधी वय. शाळेचा दाखला, तो नसेल तर जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. हाडांच्या चाचणीत वर्ष-दोन वर्षांचा फरक सहज पडतो, आणि सतरा की एकोणीस यावर सगळा हक्क टांगलेला असतो. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. अशांचा संस्थेतला शेवटचा दिवस नेमका दहावी-बारावीच्या निकालांच्या आणि प्रवेशांच्या धांदलीत येतो. म्हणून मुदतवाढीचा प्रस्ताव मार्चमध्येच जायला हवा. मे महिन्यात दिलेला अर्ज शाळा-कॉलेजचं वर्ष सुरू झाल्यावर निघतो.

मग आधार. मुलाची गावी आधीच नोंदणी झालेली असेल तर नवी नोंदणी ‘दुबार’ म्हणून फेटाळली जाते. हा नकार चांगली बातमीही असू शकतो, कारण अशा जुळलेल्या बोटांच्या ठशांवरून काही मुलांच्या घराचा माग लागलेला आहे. पण ज्याला घर कळू द्यायचं नाही, त्याच्याशी हे आधी बोलायला हवं. नोंदणी होते तेव्हा मोबाइल नंबर सर्रास अधीक्षकांचा टाकतात. मुलगा बाहेर पडतो, अधीक्षक बदलून जातात, आणि बँक, भविष्य निर्वाह निधी, शिष्यवृत्ती या सगळ्यांचे ओटीपी भलत्याच खिशात वाजत राहतात. संस्था सोडण्यापूर्वी मुलाच्या नावाचं सिमकार्ड घेऊन आधारला जोडणं हे अर्ध्या दिवसाचं काम, पण राहतं तेच. बँक खात्याचंही तसंच. पालकाच्या सहीनं उघडलेलं अज्ञान (अल्पवयीन) खातं अठरा झाल्यावर नव्या सहीनिशी आणि केवायसीनिशी बदलून घ्यावं लागतं. नाहीतर व्यवहार थांबतात आणि ४,००० रुपयांचा पहिलाच हप्ता अडकतो.

काम मिळणं कोल्हापुरात तुलनेनं सोपं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्र्या आणि मशीनशॉप, इचलकरंजीचे माग, हुपरीची चांदी. पण फाउंड्रीतलं वितळलेल्या धातूजवळचं काम अठराखालच्याला कायद्यानं बंद आहे, त्यामुळे आधीची दोन वर्षं कळंब्याच्या आयटीआयसारख्या ठिकाणी घालवणं शहाणपणाचं. वेल्डरसारख्या काही ट्रेडना दहावी नापासही चालतो. नोकरी पहिल्या तीन महिन्यांत सुटते ती बहुधा कौशल्याअभावी नव्हे. पहिला पगार हातात यायला महिना-सव्वा महिना जातो, आणि तेवढ्यात खानावळवाला उधारी बंद करतो. त्या मधल्या काळाची रक्कम आधीच बाजूला ठेवलेली असेल तर मुलगा टिकतो.

यातून निसटलेल्यासाठी उरतो तो शहरी बेघरांचा निवारा. लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय हा केंद्राचा निकष, पण तिथं अठरा वर्षांचा पोरगा साठीतल्या माणसांशेजारी अंथरूण टाकतो. आणि फुटपाथवर राहिला तर १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा आहेच. त्याच जागी, तसाच बसलेला तो वर्षापूर्वी ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ होता. निवाऱ्याच्या पत्त्यावर किंवा जिथं झोपतो त्या जागेवरही मतदार नोंदणी होऊ शकते. अधिकारी रात्री, एकाहून अधिक वेळा, येऊन खात्री करतो. पत्ता नसलेल्याला स्वतःच्या नावाचा पहिला सरकारी पुरावा पुष्कळदा याच मार्गानं मिळतो.