फोन अनाउन्स झालाय, मग दुकानात का नाही? (आमच्या गिऱ्हाइकांसाठी)

मंडळी, रोज काउंटरवर तेच तेच सांगून घसा बसायला लागला म्हणून हा कागद छापलाय. परवा तासगावकडचे एक काका आले, मोबाईलवर युट्यूबचा व्हिडिओ लावून समोर धरला, म्हणाले हा द्या, निळा. म्हटलं काका, हा अजून यायचाय. तर म्हणे येड्यात काढता काय, ते पोरगं हातात घेऊन दाखवतंय की.

व्हिडिओवाल्या पोरांना कंपनी आधीच पीस देते, त्यावरून माल सुटला असं धरू नका. फोन अनाउन्स होतो ती एक तारीख, बुकिंग सुरू होतं ती दुसरी, पहिला सेल तिसरी, आणि सांगलीत आमच्या शोकेसला फोन लागतो ती चौथी. ॲपलनं २०१७ ला आयफोन एक्स दाखवला १२ सप्टेंबरला, बुकिंग घेतलं २७ ऑक्टोबरला आणि विक्री ३ नोव्हेंबरला, आणि याला लेट म्हणत नाहीत बरं का, तारखा त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलेल्या.

आता एवढं आधी सांगायचंच कशाला? एक तर गिऱ्हाईक थांबावं, दुसऱ्या कंपनीकडं जाऊ नये म्हणून. दुसरं म्हणजे लपवून लपत पण नाही, भारतात फोन विकायचा तर बीआयएसची (म्हणजे सरकारच्या भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी लागते, तिथं मॉडेल नंबर दिसला की बातमी फुटलीच. पण फार आधी बोंब मारली तर जुनं मॉडेल कोण घेणार, ते आमच्या कपाटात पडून राहतं, म्हणून कंपन्या शेवटपर्यंत तारीख गुलदस्त्यात ठेवतात.

खरा लेट वेगळा. आपल्याकडं द्राक्षवाल्यांना हे पटकन कळतं. छाटणी कधी झाली ते बागायतदार छातीठोक सांगतो, तोडणीचं मात्र अंदाजानं, कारण मधे पाऊस पडला, मण्यात साखर भरली नाही तर माल काढून उपयोग काय. सॅमसंगचा पहिला घडीचा फोन, गॅलक्सी फोल्ड, २०१९ ला २६ एप्रिलला अमेरिकेत विक्रीला येणार होता. त्याआधी परीक्षणाला दिलेले काही पीस दोन-तीन दिवसांतच खराब झाले. काहींनी तर वरची फिल्म नेहमीची प्लास्टिकची समजून सोलून काढली (आपण नवीन फोनचं पहिलं काम तेच करतो ना!) आणि ती निघाली स्क्रीनचाच भाग. सॅमसंगनं विक्री थांबवली, फिल्मच्या कडा आत घेतल्या, बिजागरी सुधारली आणि सप्टेंबरला फोन आणला, आपल्याकडं ऑक्टोबरला, १,६४,९९९ रुपयांना. मला विचाराल तर थांबले ते बरंच केलं, नाहीतर तुटलेला फोन घेऊन लोक दुकानदाराच्याच उरावर बसले असते.

कधी सुटे भागच मिळत नाहीत. जिओफोन नेक्स्ट २०२१ ला गणेश चतुर्थीला येणार म्हणून जाहीर झालेला, गणपती बसले तरी फोन नाही, चिपचा तुटवडा सांगितला आणि आला तो दिवाळीत. कधी नुसता रंग नडतो, पांढरा आयफोन ४ काळ्याच्या मागून तब्बल दहा महिन्यांनी, २८ एप्रिल २०११ ला आला. आणि कधी वस्तू येतच नाही. ॲपलचं एअरपॉवर नावाचं चार्जिंग मॅट २०१७ ला स्टेजवर दाखवलं आणि २०१९ च्या मार्चमध्ये रद्द केलं. ॲपलसारख्यांचं असं होतं तर बाकीच्यांचं काय घेऊन बसलाय.

म्हणून आम्ही पूर्ण ॲडव्हान्स घेत नाही, तुम्ही दिला तरी. २०१६ चा तो २५१ रुपयांचा स्मार्टफोन आठवतोय का, बुकिंगला वेबसाइट बसली एवढी गर्दी, हातात कुणाच्या बघितला? आमच्याकडं ५०० रुपये टोकन, वहीत नाव, मॉडेल, रंग, स्टोरेज. फोन लांबला आणि थांबायचं नसलं तर टोकन परत, कारण विचारणार नाही. नंबर लागेल तसा पीस देतो, ओळखीचा असला तरी. आम्ही सहा पीस मागितले की डिस्ट्रिब्युटर दोन पाठवतो, ते पण काळे, त्यामुळं निळ्याच्या हट्टावर असाल तर अजून थोडी कळ काढावी लागेल.

जुना फोन मात्र नवीन हातात यायच्या आधी विकून बसू नका, मागं एक जण महिनाभर बायकोच्या फोनवर दिवस काढत होता. एक्स्चेंजचा भाव ज्या दिवशी देणार त्या दिवशीचाच धरला जातो, हे पण आधीच सांगून ठेवतो. आणि अगदी नवीनच पाहिजे असं नसेल तर नवीन मॉडेल आलं की मागच्याचा रेट बऱ्याचदा उतरतो, तेव्हा या, आमचं पण कपाट मोकळं होतं. काकांनी शेवटी तेच केलं.

वहीत नाव लावताना घरातला दुसरा एखादा नंबर पण द्या. मागच्या वेळी पीस आले तेव्हा दोघांचे फोन लागलेच नाहीत, फोन बिघडला म्हणूनच तर नवीन बुक केलेला, आणि त्यांचे पीस पुढच्याला गेले.