आर्टिस्ट ज्वेलरी की आर्ट ज्वेलरी? संग्रहालयातल्या दागिन्यांसमोर होणारा घोळ

समकालीन दागिन्यांच्या प्रदर्शनात एका कपाटात माणकांनी मढवलेलं सोन्याचं हृदय असतं आणि शेजारच्या कपाटात काळ्या रबराचं साधंसं कडं. दोन्हींच्या लेबलवर 'कला' असतेच. नावंही जुळ्या भावंडांसारखी : आर्टिस्ट ज्वेलरी आणि आर्ट ज्वेलरी. बघणारा दोन्हींना एकाच मापाने मोजतो. मग हृदयासमोर रेंगाळतो आणि कड्यावरून "यात काय विशेष?" म्हणत पुढे सरकतो. यात त्याची चूक फारशी नाही. खूपदा ही लेबलंच काही सांगत नाहीत.

आर्टिस्ट ज्वेलरी म्हणजे ज्याचं नाव आधीच चित्रात किंवा शिल्पात झालेलं आहे, अशा कलावंताचा दागिना. बहुतेक वेळा रेखाटन त्याचं असतं आणि हात दुसऱ्याचा. चित्रकार साल्वादोर दालीचे दागिने न्यूयॉर्कमध्ये कार्लोस आलेमानी या जवाहिऱ्याच्या कार्यशाळेत घडले. पिकासोच्या सोन्याच्या पदकांमागे फ्राँस्वा ह्यूगो या सोनाराचं काम आहे. चित्रकार जॉर्ज ब्राकच्या आकृत्या एगेर द लोवेनफेल्ड या दागिनेकाराने दागिन्यांत उतरवल्या आणि 1963 मध्ये पॅरिसमध्ये त्यांचं प्रदर्शनही झालं. अशा दागिन्यांच्या मर्यादित आवृत्त्या निघतात. लेबलवर किंवा दागिन्याच्या मागे '2/6' असा आकडा दिसला, तर तो सहापैकी दुसरा नग.

दालीचंच उदाहरण पुढे नेऊ. त्याची वितळती घड्याळं कॅनव्हासवर आली 1931 मध्ये आणि ब्रोचवर, म्हणजे कपड्याला पिनेने लावायच्या दागिन्यावर, 1949 मध्ये. म्हणजे प्रतिमा आधीच ठरलेली होती, नंतर ती सोन्यात आणि हिऱ्यांत गेली. 1953 च्या 'रॉयल हार्ट'मध्ये यंत्र बसवलेलं आहे, त्यामुळे मधली माणकं धडधडत्या हृदयासारखी हलतात. स्पेनमधल्या फिगेरसच्या संग्रहालयात ते बघताना लोक श्वास रोखून उभे राहतात, आणि राहावं असंच ते आहे. पण ते छातीवर लावलं काय नि काचेआड ठेवलं काय, त्याच्या अर्थामध्ये तसूभर फरक पडत नाही.

आर्ट ज्वेलरीत नेमका तिथेच फरक पडतो. तिला कॉन्टेम्पररी ज्वेलरी किंवा स्टुडिओ ज्वेलरीही म्हणतात. इथला कर्ता मुळात दागिनेकार असतो. त्याने बहुधा रीतसर शिक्षण घेतलेलं असतं, ओतकाम-जडावकाम त्याला येतं, आणि ते येत असूनही तो विचारतो की दागिना म्हणजे नेमकं काय. 1960 च्या दशकात नेदरलँड्समध्ये हे प्रश्न जोरात विचारले गेले. खाइस बाकर आणि एमी फान लिअर्सम या जोडप्याने अॅल्युमिनियमच्या भल्यामोठ्या गळपट्ट्या केल्या. 1967 मधला बाकरचा असा एक दागिना चक्क धुराड्याच्या पाइपासारखा आहे. त्याची 1973 ची 'सावली-दागिने' ही मालिका तर आणखी पुढची. सोन्याची बारीक तार दंडावर घट्ट बांधायची, मग काढायची. कातडीवर जो वळ उमटतो, तो दागिना. थोड्या वेळाने तोही नाहीसा होतो. प्रदर्शनात दिसतात ती तार आणि छायाचित्रं.

आता त्या रबरी कड्याकडे येऊ. ऑटो क्युन्झली या स्विस दागिनेकाराने ते 1980 मध्ये केलं. नाव 'गोल्ड माख्ट ब्लिंड', म्हणजे सोनं आंधळं करतं. काळ्या रबराची नळी वळवून केलेलं कडं, एका ठिकाणी किंचित फुगवटा. त्या फुगवट्यात सोन्याची गोळी आहे. ती दिसत नाही, चमकत नाही, शेजारणीला दाखवता येत नाही. आहे की नाही याची खात्री करायची तर कडं कापावं लागेल, आणि कापलं की कलाकृती गेली. घालणाऱ्याने फक्त विश्वास ठेवायचा. सोन्याची किंमत मग कुठे असते? धातूत, की तो दुसऱ्यांना दिसण्यात? हा प्रश्न कुणाच्या तरी मनगटावर असतानाच विचारता येतो. मला विचाराल तर दालीच्या हृदयापेक्षा हा फुगवटा जास्त धीट आहे.

गंमत म्हणजे या कड्याच्या प्रती एकापेक्षा जास्त संग्रहालयांत आहेत. त्यामुळे 'अनेक नग म्हणजे आर्टिस्ट ज्वेलरी, एकच नग म्हणजे आर्ट ज्वेलरी' हे सोपं समीकरण चालत नाही. साहित्यावरूनही ओळख पटवू नका. डच दागिनेकार टेड नोटेनने 1998 मध्ये लोकांना च्युइंगम चघळून आकार द्यायला सांगितलं आणि त्यावरून मौल्यवान धातूत ब्रोच ओतले. धातू मौल्यवान, तरी काम पक्कं आर्ट ज्वेलरीचं, कारण दागिन्याचा आकार घालणाऱ्याच्या दातांनी ठरवला.

म्हणून लेबलवर आधी नावं बघावीत : रेखाटन एकाचं आणि घडण दुसऱ्याची आहे का? मग मनातल्या मनात घालणारा माणूस काढून टाकावा. वस्तू तशीच पूर्ण उरली तर ती बहुधा छोटं शिल्प किंवा छोटं चित्र आहे. काहीतरी तुटलं, तर शरीर हा त्या कामाचाच भाग होता. जमलं तर कपाटाच्या बाजूने वाकून ब्रोचची पाठही बघावी. चांगला दागिनेकार पिन कुठे बसवायची, वजन कापडावर कसं पेलायचं याचा पुढच्या बाजूइतकाच विचार करतो. शेजारी अंगावर घातल्याचं छायाचित्र असेल, तर ते नुसती सजावट म्हणून सोडू नये.

ही चाचणी सगळ्यात मजेशीर ठरते ती अलेक्झांडर काल्डरपाशी. हा झुलत्या शिल्पांचा शिल्पकार, म्हणजे नियमाने पहिल्या, आर्टिस्ट ज्वेलरीच्या खान्यातला. पण त्याने सुमारे 1,800 दागिने स्वतःच्या हातांनी केले. पितळेची, चांदीची तार हातोडीने ठोकून, वळवून, सोल्डर, म्हणजे डाक देऊन जोडणं, शक्यतो टाळून. 1940 च्या सुमाराचा त्याचा 'जेलस हजबंड', म्हणजे मत्सरी नवरा, हा हार न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे : खांद्यांवरून वर उसळणारी पितळी टोकं. तो घालणाऱ्या बाईच्या जवळ जायची कुणाची हिंमत नाही. नुसता खुंटीला टांगला तर नावातला विनोदच कळत नाही.

1946 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने हाताने घडवलेल्या आधुनिक दागिन्यांचं प्रदर्शन भरवलं. त्यात काल्डर होता, कसलेली दागिनेकार मार्गारेट दि पाटा होती, आणि विणकामासाठी नावाजलेली अॅनी अल्बर्सही होती. अल्बर्स ना सोनार, ना चित्रकार, म्हणजे दोन्ही खान्यांबाहेरची. अॅलेक्स रीडबरोबर तिने केलेल्या एका हारात मोरीची जाळी लटकन म्हणून आहे आणि बाजूंना कागदाला लावायच्या क्लिपा झुलतात.