अमेरिका द ब्यूटिफुल क्वार्टर्स

अमेरिकेच्या टाकसाळीने २०१० ते २०२१ या काळात पाडलेली पाव डॉलरच्या (२५ सेंट) नाण्यांची मालिका. ५० राज्ये, राजधानीचा डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया आणि पोर्टो रिको, ग्वाम, अमेरिकन सामोआ, यू. एस. व्हर्जिन बेटे व उत्तर मेरियाना बेटे हे पाच प्रदेश मिळून ५६ रचना झाल्या. प्रत्येक राज्यातले किंवा प्रदेशातले एक राष्ट्रीय उद्यान, वन, अभयारण्य, रणभूमी किंवा ऐतिहासिक वास्तू नाण्याच्या मागच्या बाजूवर आली. दरवर्षी पाच याप्रमाणे ११ वर्षांत ५५ नाणी निघाली आणि उरलेले एक २०२१ मध्ये. स्मारक नाणे म्हटले की मखमली डबीतले, कधीच खर्च न होणारे नाणे डोळ्यांपुढे येते. ही नाणी मात्र दुकानातल्या सुट्ट्या पैशांतून लोकांच्या हाती पडत होती.

या मालिकेआधी १९९९ ते २००८ मध्ये ‘फिफ्टी स्टेट क्वार्टर्स’ आली होती. ती इतकी लोकप्रिय झाली की घरोघरी पुठ्ठ्याच्या नकाशात राज्यवार नाणी खोचून ठेवली जाऊ लागली. सरकारला हे हवेच होते. पाव डॉलरचे नाणे पाडायला त्या काळात त्याच्या दर्शनी किमतीच्या साधारण निम्मा किंवा त्याहून कमी खर्च येई. लोक नाणे साठवून ठेवतात तेव्हा मधला फरक तिजोरीतच राहतो. तोच प्रयोग पुन्हा करण्यासाठी संसदेने कायदा केला आणि २३ डिसेंबर २००८ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्यावर सही केली.

मुहूर्त मात्र चुकला. मंदीमुळे लोकांनी बरण्यांतली चिल्लर बाहेर काढली, ती बँकांकडे परतली आणि नव्या नाण्यांची मागणी कोसळली. २००० साली व्हर्जिनिया राज्याची सुमारे १५९ कोटी नाणी पाडली गेली होती. या मालिकेतल्या पहिल्या, हॉट स्प्रिंग्जच्या नाण्याची संख्या फिलाडेल्फिया व डेन्व्हर या दोन्ही टाकसाळी मिळून ७ कोटींच्या आसपास राहिली. आधीच्या मालिकेइतका गाजावाजा हिच्या वाट्याला आला नाही, तो मुख्यतः यामुळे.

स्थळ सुचवण्याचा अधिकार राज्याच्या गव्हर्नरला होता, अंतिम शब्द अर्थमंत्र्यांचा. टाकसाळीचे चित्रकार आणि करारावरचे बाहेरचे कलावंत एकेका स्थळासाठी अनेक आराखडे काढत. नागरिकांची नाणे सल्लागार समिती आणि ललित कला आयोग ते तपासत, आणि या दोघांचे एकमत होईलच असे नसे. नाणी कोणत्या क्रमाने काढायची हेही कायद्यानेच ठरवले होते: जे स्थळ आधी राष्ट्रीय म्हणून घोषित झाले, ते आधी. म्हणून पहिला मान जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान मानल्या जाणाऱ्या यलोस्टोनला (१८७२) न मिळता आर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्जला मिळाला. तिथले गरम पाण्याचे झरे १८३२ मध्येच संघराज्याने राखून ठेवले होते, जरी ‘राष्ट्रीय उद्यान’ हा दर्जा त्यांना १९२१ मध्ये मिळाला. योसेमिटीची दरी लिंकन यांच्या सहीने १८६४ मध्ये राखीव झाली खरी, पण ती कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली केलेली असल्याने ते साल धरले गेले नाही. १८९० धरून योसेमिटी तिसऱ्या क्रमांकावर गेले.

नाणे नेहमीचेच: व्यास २४.२६ मिमी, वजन ५.६७ ग्रॅम, आत शुद्ध तांबे व दोन्ही बाजूंना तांबे-निकेलचा थर, कडेवर ११९ खाचा. पुढच्या बाजूला जॉन फ्लॅनगन यांनी १९३२ मध्ये घडवलेला जॉर्ज वॉशिंग्टन यांचा मुखवटा आहे. वर्षानुवर्षांच्या फेरफारांत त्याचे बारकावे बोथट झाले होते, ते या मालिकेसाठी पुन्हा उठावदार केले गेले. मागच्या बाजूला कडेच्या पट्ट्यात स्थळाचे नाव, राज्य, साल आणि ‘ई प्लुरिबस युनम’ (अनेकांतून एक) हे लॅटिन बोधवाक्य. या सगळ्यातून चित्रासाठी उरलेली जागा अंगठ्याच्या नखाहून फार मोठी नाही.

त्यात कायद्याचे निर्बंध होते. मागच्या बाजूवर कोणाचाही, हयात वा दिवंगत व्यक्तीचा, खांद्यापर्यंतचा मुखवटा चालणार नव्हता आणि राज्याचा नकाशाही नाही. याचा उत्तम परिणाम साउथ डकोटातल्या माउंट रशमोरच्या, म्हणजे चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेल्या डोंगराच्या नाण्यावर (२०१३) दिसतो. त्या राज्याच्या २००६ च्या नाण्यावर चारही चेहरे ओळीने होते, पर्यटकाच्या फोटोत असतात तसे. नव्या नाण्यावर शिल्पकार जोसेफ मेन्ना यांनी थेट जवळ जाऊन जेफरसन यांच्या चेहऱ्याचा तुकडाच घेतला आणि त्यावर दोरांना लोंबकळत अखेरचा हात फिरवणारे कामगार दाखवले. एकेक माणूस नाकाच्या उंचीपुढे किती लहान, हे पाहिले की शिल्पाचा आकार आपोआप कळतो. फ्रेडरिक डग्लस यांचे नाणे (२०१७) हीच अडचण वेगळ्या रीतीने सोडवते: गुलामगिरीतून निसटून लेखक व वक्ता झालेला हा माणूस पूर्णाकृतीत, टेबलाशी लिहीत बसलेला, मागे त्यांचे वॉशिंग्टनमधले सीडर हिल हे घर.

जिथे कलावंताने एकच गोष्ट निवडली तिथे नाणी जमली आहेत. ग्रँड कॅन्यनचा विस्तार दाखवण्याचा मोह टाळून नानकोवीप येथील कड्यात प्राचीन प्वेब्लो या मूळ रहिवाशांनी बांधलेली धान्याची कोठारे घेतली, खाली कोलोरॅडो नदी. नेव्हाडाच्या ग्रेट बेसिनला ब्रिसलकोन पाइनचा एकच वेडावाकडा वृक्ष पुरला. मॅसॅच्युसेट्सच्या लोवेलसाठी यंत्रमागावर काम करणारी गिरणी कामगार मुलगी आली. याउलट ऑरेगनचे माउंट हूड, समोर तलाव आणि मागे बर्फाचे शिखर, हे पोस्टकार्डच राहिले.

अमेरिकन सामोआच्या नाण्यावर (२०२०) पिल्लाला कवटाळून लटकलेली फलाहारी वटवाघळाची मादी आहे. मालिकेतले हे सर्वांत जिवंत चित्र म्हणता येईल. त्याचे दुर्दैव असे की ते फेब्रुवारी २०२० मध्ये चलनात आले आणि करोनाच्या साथीचा ‘संकेत’ म्हणून समाजमाध्यमांवर अफवांचा धुरळा उडाला. ते चित्र २०१९ मध्येच जाहीर झालेले होते. त्या प्रजातीचा अधिवास असलेले अमेरिकेतले हे एकमेव राष्ट्रीय उद्यान आहे, एवढाच त्याचा अर्थ.

नाणे निघाले की त्या स्थळाजवळ समारंभ होई. जमलेल्या शाळकरी मुलांना एकेक नवे नाणे फुकट आणि मोठ्यांना नोटा देऊन नव्या नाण्यांचे, कागदात गुंडाळलेले रोल घेता येत.

संग्राहकांचे जग याहून वेगळे. कायद्याने याच रचनांची पाच औंस शुद्ध चांदीची, तीन इंच व्यासाची नाणीही पाडायला लावली. बशीएवढ्या त्या नाण्यावर किंमत मात्र पाव डॉलरच. २०१० मध्ये प्रत्येक रचनेची ३३,००० नाणीच तयार होऊ शकली. वितरकांनी भाव चढवू नयेत म्हणून एका घराला प्रत्येक रचनेचे एकच नाणे आणि नफ्याला १० टक्क्यांची मर्यादा, असे नियम टाकसाळीला घालावे लागले. सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीचा ‘एस’ असलेली चलनी दर्जाची नाणीही २०१२ पासून थेट संग्राहकांना विकली गेली. मुंबईच्या टाकसाळीच्या नाण्यांवर सालाखाली हिऱ्याची खूण असते, तशीच ही अक्षरे. २०१९ मध्ये वेस्ट पॉइंटच्या टाकसाळीने आपले ‘डब्ल्यू’ अक्षर चलनी नाण्यांवर प्रथमच उमटवले. प्रत्येक रचनेची २० लाख नाणी गाजावाजा न करता इतर चिल्लरीत मिसळून दिली गेली. ती हुडकण्यासाठी लोक बँकेतून रोलच्या पेट्या आणून घरी फोडू लागले. २०२० च्या ‘डब्ल्यू’ नाण्यांवर दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीची ७५ वर्षे म्हणून ‘व्ही ७५’ ही बारीक खूणही आहे.

शेवटचे नाणे अलाबामाच्या टस्कीगी येथील कृष्णवर्णीय लढाऊ वैमानिकांच्या स्थळाचे. त्यावर ‘ते दोन युद्धे लढले’ अशा अर्थाचे वाक्य आहे, एक फॅसिझमशी आणि दुसरे घरच्या वर्णभेदाशी. दुसरी फेरी काढण्याची मुभा कायद्यात होती, पण ती वापरली गेली नाही. २०२१ मध्येच पाव डॉलरच्या मागच्या बाजूवर डेलावेअर नदी ओलांडणाऱ्या वॉशिंग्टन यांचे चित्र आले आणि २०२२ पासून अमेरिकन स्त्रियांवरची मालिका सुरू झाली. तिच्या पुढच्या बाजूवर फ्लॅनगन यांचे शिल्प नाही. १९३२ च्या स्पर्धेत ललित कला आयोगाने पसंत केलेला, पण तत्कालीन अर्थमंत्र्यांनी बाजूला सारलेला लॉरा गार्डिन फ्रेझर यांचा उजवीकडे पाहणारा वॉशिंग्टन तिथे ९० वर्षांनी आला.