दुपारच्या जेवणाचे पैसे कोण देतो?

पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत वीसेक वर्षांपूर्वी नोकरी केलेल्या अनेकांच्या पाकिटात सोडेक्सोची जेवणाची कुपने असत. महिनाअखेरीला ती उडप्याकडे कमी आणि किराणा दुकानात जास्त खपत, हा भाग वेगळा. ही कंपनी मूळची फ्रान्सची. १९६६ साली पियेर बेलाँ यांनी ती मार्सेय शहरात सुरू केली. कुपने हा तिचा नंतरचा जोडधंदा. मुख्य काम दुसऱ्यांच्या कचेऱ्या, शाळा, इस्पितळे यांची स्वयंपाकघरे चालवण्याचे. युरोपात बाहेर खाणे म्हटले की डोळ्यांसमोर पॅरिसची फुटपाथवरची कॅफे येतात. पण त्या बाजाराची ठेवण समजून घ्यायची तर कामाच्या दिवशीच्या दुपारच्या जेवणापासून सुरुवात केलेली बरी. रात्रीचे जेवण माणूस स्वतःच्या खिशातून खातो. दुपारच्या ताटात मात्र कारखानदार, नगरपालिका, सरकार आणि करखाते हे सगळे बराच काळ हात घालत आले आहेत.

धंद्यातले लोक या बाजाराचे सरळ दोन भाग करतात. गिऱ्हाईक आपल्या पायांनी येते तो एक: रेस्टॉरंट, कॅफे, पब, बर्गरची दुकाने. गिऱ्हाईक आधीपासूनच तिथे असते तो दुसरा: शाळा, कारखाना, कचेरी, इस्पितळ, तुरुंग, बराक. फ्रेंच लोक या दुसऱ्या भागाला ‘सामूहिक खानपान’ म्हणतात. त्यावर वर्तमानपत्रांत परीक्षणे येत नाहीत आणि त्याला तारेही मिळत नाहीत, पण त्यात जेवणारे रोज जेवतात.

पहिल्या भागाचा उगम पॅरिसमध्ये, यावर फारसा वाद नाही. १७६५ साली बुलांजे नावाच्या सूपवाल्याने पहिले रेस्टॉरंट काढले ही गोष्ट अजून सांगितली जाते, पण तिला त्या काळचा भक्कम पुरावा नाही. १७६६ च्या सुमारास मातुरँ रोझ द शांतोआझो याने काढलेल्या दुकानाचे दाखले मात्र मिळतात. त्याआधी खाणावळीत सगळ्यांनी एका टेबलावर, ठरल्या वेळी, येईल ते जेवायचे. नव्या दुकानांत स्वतंत्र टेबल होते, वेळ आपली होती आणि पदार्थांची यादी भावासकट समोर येत होती. मांस भाजणारे, शिजवलेले जेवण विकणारे अशा पॅरिसमधल्या धंदेवाल्यांच्या वेगवेगळ्या संघांचे मक्ते १७९१ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या सरकारने मोडले आणि कुणालाही काहीही शिजवून विकायची मुभा मिळाली. सरदारांकडचे आचारी बेकार झाले म्हणून रेस्टॉरंटे निघाली, असे जे म्हणतात ते अर्धेच खरे आहे. आंत्वान बोव्हिलिए याचे आलिशान रेस्टॉरंट क्रांतीच्या आधीच चालू झाले होते.

ही सारी सोय पैसेवाल्यांची होती. कामकरी माणसाचा प्रश्न एकोणिसाव्या शतकात उभा राहिला, कारण कारखाना आणि घर यांतले अंतर वाढले आणि दुपारी घरी जाऊन जेवणे अवघड झाले. त्याला प्रत्येक देशाने वेगळे उत्तर दिले. पॅरिसमध्ये बातिस्त-आदोल्फ द्यूव्हाल या खाटकाने १८५५ पासून ‘बुयाँ’ काढली. उकडलेले गोमांस, त्याचाच रस्सा, ठरलेले भाव, झटपट वाढप आणि सगळ्या शाखांत तोच कारभार, म्हणजे आज ज्याला चेन म्हणतात तेच. बर्लिनमध्ये १८६६ साली लीना मॉर्गनस्टर्न यांनी लोकांची स्वयंपाकघरे उघडली. युद्धामुळे धान्य महागले होते. घाऊक खरेदी करून लागत मूल्यात जेवण विकायचे, फुकट द्यायचे नाही, हा त्यांचा कटाक्ष होता. पुढे १८९५ मध्ये त्याच शहरात नाणे टाकून काचेच्या खणातून पदार्थ काढून घेण्याचे ऑटोमॅट रेस्टॉरंट निघाले. अमेरिकेने ती यंत्रे नंतर जर्मनीतूनच मागवली. फास्ट फूड अमेरिकेतून युरोपात आले असे मानणाऱ्यांना हे उलटे टपाल माहीत नसते.

इंग्लंडमध्ये १८६० च्या दशकापासून तळलेले मासे आणि बटाट्याचे चिप्स गिरणगावांतून पसरले. वाफेच्या मासेमारी बोटी आणि रेल्वे यांमुळे ताजा मासा आतल्या शहरांपर्यंत स्वस्तात पोचू लागला होता, हे त्यामागचे गणित. कचेऱ्यांतल्या कारकुनांसाठी आणि विशेषतः एकट्या बाईला निर्धास्त बसता येईल अशी जागा म्हणून चहाची दुकाने आली. जे. लायन्स कंपनीने १८९४ मध्ये लंडनच्या पिकॅडिलीत पहिले काढले. पुढे त्यांची संख्या इतकी वाढली की पावाच्या नि केकच्या हिशोबासाठी कंपनीने स्वतःचा संगणक बांधला. १९५१ साली ‘लिओ’ या यंत्रावर चाललेले ते काम, व्यापारी कामासाठी संगणक नेमाने वापरल्याचे जगातले पहिले उदाहरण मानले जाते.

दुसऱ्या महायुद्धाने या बाजाराच्या दुसऱ्या भागाला, म्हणजे सामूहिक खानपानाला, आकार दिला. १९४० मध्ये ब्रिटिश सरकारने २५० हून अधिक कामगार असलेल्या, युद्धसामग्री बनवणाऱ्या कारखान्यांवर कॅन्टीनची सक्ती आणता येईल असा हुकूम काढला. आपल्याकडच्या १९४८ च्या कारखाना कायद्यातही कॅन्टीनसाठी २५० हाच आकडा होता. मुंबईच्या गिरण्यांपासून पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांपर्यंत जी कॅन्टीन उभी राहिली त्यांमागचा नियम याच काळातला. सामान्य जनतेसाठीही ब्रिटिश सरकारने ‘सामुदायिक भोजन केंद्रे’ काढली. नाव फारच साम्यवादी वाटते म्हणून चर्चिल यांनी ते बदलून ‘ब्रिटिश रेस्टॉरंट’ केले. १९४३ पर्यंत अशी दोन हजारांवर केंद्रे झाली होती आणि साधारण नऊ पेन्समध्ये पोटभर जेवण मिळे. याच धांदलीत १९४१ मध्ये जॅक बेटमन यांनी कारखान्यांची कॅन्टीन चालवणारी एक कंपनी काढली. हातोहात विकली जात, विलीन होत, १९८७ मध्ये व्यवस्थापकांनीच विकत घेतलेली ती कंपनी म्हणजे आजची कंपास. तिच्याकडे पाच लाखांहून जास्त माणसे कामाला आहेत आणि त्यांच्या हातचे जेवणाऱ्यांपैकी अनेकांना तिचे नाव ठाऊक नसते.

फिनलंडने १९४३ साली सर्व शाळकरी मुलांना फुकट गरम जेवण देण्याचा कायदा केला. पालिकांना तयारीसाठी पाच वर्षे दिली आणि १९४८ पासून तो सगळीकडे लागू झाला. पोलंडमध्ये दुग्ध-बार, म्हणजे स्वस्त जेवणाची खाणावळ, ही गोष्ट मुळात १८९६ च्या वॉर्सातली. एका जमीनदाराने आपल्या गायींचे दूध खपवायला ती सुरू केली होती. कम्युनिस्ट राजवटीने ती सरकारी अनुदानाने देशभर पसरवली आणि ती राजवट गेल्यावरही अनुदान पूर्ण थांबले नाही. आज तिथे निवृत्त लोक आणि विद्यार्थी एकाच रांगेत पियेरोगी (सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या) घेताना दिसतात.

कॅन्टीन बांधणे छोट्या कचेरीला परवडत नाही. त्यावर ब्रिटनमध्ये १९५४ पासून जेवणाची कुपने निघाली: मालकाने घ्यायची, कामगाराला द्यायची, जवळच्या हॉटेलात चालवायची. झाक बोरेल या फ्रेंच उद्योजकाने १९६२ मध्ये ती कल्पना फ्रान्समध्ये आणली. १९६७ च्या वटहुकमाने तिला करसवलतीचा आधार मिळाला आणि खरा फरक तिथे पडला. ब्रिटनमध्ये सवलतीची मर्यादा दिवसाला १५ पेन्सवर गोठून राहिली आणि २०१३ मध्ये ती कुणाच्या ध्यानातही न येता रद्द झाली. फ्रान्स आणि इटलीत मात्र कुपनावर कोपऱ्यावरची लाखो छोटी हॉटेले तगली. माझ्या मते दक्षिण युरोपात घरगुती खाणावळ टिकली आणि ब्रिटनमध्ये ती चेनच्या पोटात गेली, याची कारणे लोकांच्या आवडीनिवडीपेक्षा अशा कंटाळवाण्या करनियमांत जास्त सापडतात. बोरेल हा गमतीचा माणूस. पॅरिसमध्ये विम्पी या चेनचे बर्गर त्यानेच आणले, महामार्गावरची रेस्टॉरंटेही त्यानेच काढली आणि तिथल्या बेचव जेवणामुळे देशभर टिंगलही सोसली.

महामार्गाचे खाणे हा इटलीचा अभिमानाचा विषय. बिस्किटवाले मारिओ पावेझी यांनी १९४७ मध्ये मिलान-तुरीन रस्त्यावर नोवाराजवळ पहिला थांबा काढला. १९५९ मध्ये फ्योरेन्झुओला द’आर्दा इथे रस्त्याच्या वर पुलासारखे बांधलेले रेस्टॉरंट आले, म्हणजे दोन्ही बाजूंची वाहने एकाच गल्ल्यावर. १९७७ मध्ये सरकारी मालकीखाली तीन स्पर्धक एकत्र करून ऑटोग्रिल ही कंपनी झाली, १९९५ मध्ये ती बेनेटन घराण्याकडे गेली आणि २०२३ मध्ये विमानतळांवर दुकाने चालवणाऱ्या स्विस डुफ्रीत विलीन झाली.

मॅकडोनाल्डने युरोपातले पहिले दुकान १९७१ मध्ये हॉलंडच्या झान्डाममध्ये उघडले. १९८६ मध्ये रोमच्या स्पॅनिश पायऱ्यांजवळ ते निघाले तेव्हा निदर्शने झाली आणि त्यातून कार्लो पेत्रीनी यांची, फास्ट फूडला विरोध करणारी ‘स्लो फूड’ चळवळ पुढे आली. एवढा गाजावाजा होऊनही इटलीत कॉफी आजही मुख्यतः मालक स्वतः यंत्रामागे उभा असलेल्या बारमध्येच, उभ्याने प्यायली जाते; स्टारबक्सला मिलानमध्ये पाय ठेवायला २०१८ उजाडले. ब्रिटनची तऱ्हा निराळी. तिथे पब बऱ्याच अंशी बिअर बनवणाऱ्या भट्ट्यांच्याच मालकीचे असत. १९८९ मध्ये सरकारने दोन हजारांपेक्षा जास्त पब बाळगणाऱ्या भट्ट्यांना लगाम घातला, तेव्हा ते पब स्वतंत्र मालकांकडे जातील अशी अपेक्षा होती. गेले ते पब विकत घेणाऱ्या नव्या बड्या कंपन्यांकडे. बिअरचा खप घटत गेला तसे पब स्वयंपाकघरावर जगू लागले.

स्थलांतरितांचा वाटा मोठा आहे, पण तो बहुधा पडेल भावात मिळालेल्या जागांमधून वाढला. लंडनमध्ये शेख दीन महंमद यांनी १८१० साली काढलेले हिंदुस्तानी कॉफी हाउस दोन वर्षांत दिवाळखोरीत गेले, कारण करी खाणाऱ्या श्रीमंतांकडे घरीच आचारी होते. दुसऱ्या महायुद्धानंतर आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटच्या खलाशांनी मोडकळीला आलेली कॅफे आणि मासे-चिप्सची दुकाने घेतली, चिप्सच्या शेजारी करी ठेवली आणि पब बंद झाल्यावरही दार उघडे ठेवले. बर्लिनमधला तुर्की डोनर कबाब (उभ्या सळीवर भाजलेल्या मांसाचे काप) पावात गुंडाळून उभ्याने खायचा झाला, तोही जर्मन कामगाराच्या घाईपायी.

ऐंशीच्या दशकात सरकारांनी दुपारच्या ताटावरून हात काढायला सुरुवात केली. ब्रिटनच्या १९८० च्या कायद्याने शाळेतल्या जेवणाचे पोषण-निकष रद्द झाले आणि १९८८ पासून पालिकांना स्वयंपाकाचे कंत्राट निविदेने देणे भाग पडले. सर्वांत कमी दराला काम जाणार म्हटल्यावर ताटात काय येणार हे उघड होते. २००५ मध्ये जेमी ऑलिव्हर या शेफनी टीव्हीवरून दाखवून दिले की काही शाळांत एका मुलाच्या जेवणाच्या जिनसांवर ३७ पेन्स खर्च होत होते. कंत्राटदाराचा नफा शंभरात सहा-सात एवढाच असतो आणि तो मुख्यतः घाऊक खरेदीतून निघतो, त्यामुळे छोट्या कंपन्या मोठ्यांच्या पोटात जात राहतात. पालकही गप्प नव्हते. तुरीनच्या काही पालकांनी मुलांना घरचा डबा शाळेत खाऊ द्यावा म्हणून खटला भरला. २०१६ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा बिनशर्त हक्क नाही असे ठरवले. डब्यावरून सर्वोच्च न्यायालय! फ्रान्सने २०१८ मध्ये उलटी दिशा धरली: सामूहिक स्वयंपाकघरांत २०२२ पासून निम्मा माल दर्जेदार आणि पाचवा हिस्सा सेंद्रिय हवा, असा कायदा केला.

मूल्यवर्धित कराचे राजकारणही याच ताटाभोवती फिरते. फ्रान्सने २००९ मध्ये रेस्टॉरंटांवरचा कर १९.६ टक्क्यांवरून ५.५ वर आणला. भाव फारसे उतरले नाहीत आणि २०१४ पर्यंत तो १० टक्क्यांवर गेला. जर्मनीत बरीच वर्षे तेच जेवण बसून खाल्ले तर १९ टक्के आणि बांधून नेले तर ७ टक्के कर होता. करोनात दोन्हींवर ७ झाला, २०२४-२५ मध्ये बसून खाणाऱ्यांसाठी पुन्हा १९ होता.

करोनाने बाकीचे बरेच उलटेपालटे केले. कचेऱ्या ओस पडल्या आणि कंपासला मे २०२० मध्ये बाजारातून दोन अब्ज पौंड उभे करावे लागले. घरपोच जेवण आणणाऱ्या कंपन्यांचे दिवस आले. डेन्मार्कमध्ये सुरू झालेली जस्ट ईट, हॉलंडची टेकअवे, लंडनची डिलिव्हरू, बार्सिलोनाची ग्लोवो या त्या आधीपासूनच्या. स्पेनने २०२१ मध्ये डिलिव्हरीवाल्यांना नोकर मानणारा कायदा केला. २०२५ मध्ये डिलिव्हरू अमेरिकेच्या डोअरडॅशने घेतली आणि एकत्र झालेली जस्ट ईट टेकअवे प्रोसस या कंपनीने. आपल्या स्विगीत मोठा पैसा घातलेली प्रोसस ती हीच.

सोडेक्सोने २०२४ मध्ये कुपनांचा धंदा प्लक्सी या नावाने वेगळा काढला. त्याआधी २०१९ च्या अखेरीस फ्रान्सच्या स्पर्धा प्राधिकरणाने कुपनांच्या चार बड्या कंपन्यांना संगनमताबद्दल ४० कोटी युरोंवर दंड केला होता. २०२२ मध्ये महागाईचे कारण देऊन सरकारने कुपनाची रोजची मर्यादा १९ वरून २५ युरोंवर नेली आणि त्यावर सुपरमार्केटमधून तांदूळ, पास्ता, कच्चे मांस घ्यायलाही परवानगी दिली. सवलत तात्पुरती होती, पण तिची मुदत वाढत गेली. कामगारांना ती हवी आहे, सुपरमार्केटांना तर हवीच आहे आणि आपल्या वाट्याचा पैसा किराण्यात चालला म्हणून फ्रेंच हॉटेलवाल्यांच्या संघटना सरकारशी भांडत आहेत.