साहेब खोलीबाहेर गेल्यावर

वरिष्ठ कडक असावा की सगळ्यांचं ऐकून घेणारा, हा वाद ऑफिसात डबा खाताना कधीच मिटत नाही. त्यावरचा सर्वांत गाजलेला प्रयोग मात्र कुठल्याही ऑफिसात झालेला नाही. तो १९३८च्या सुमाराला अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात, दहा-अकरा वर्षांच्या मुलांवर झाला.

कर्ट लेविन हा ज्यू मानसशास्त्रज्ञ हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडून आलेला. हुकूमशाहीने माणसांचं काय होतं, हा त्याच्यासाठी निव्वळ पुस्तकी प्रश्न नव्हता. रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांच्याबरोबर त्याने पाच-पाच मुलांचे छंदवर्ग काढले. मुलं मुखवटे वगैरे बनवत. काही आठवड्यांनी गटावरचा मोठा माणूस बदले, आणि पद्धतही. एका पद्धतीत नुसते हुकूम. पुढे काय करायचंय तेही आधी सांगायचं नाही. दुसरीत मुलांनी चर्चा करून ठरवायचं, अडलं तर नेत्याने दोन-तीन मार्ग सुचवायचे. तिसरी मुळात आराखड्यात नव्हतीच! व्हाइट लोकशाही पद्धतीने वागायला गेला आणि इतका अलिप्त राहिला की गट वाऱ्यावर सुटला. लेविनने हा वेगळाच प्रकार आहे हे हेरलं आणि त्यालाही प्रयोगात जागा दिली.

निकाल काय लागला? नेता समोर असताना सर्वांत जास्त काम हुकूमशाही गटांत झालं. त्यांतल्या मुकाट ऐकणाऱ्या गटांत मुलं ७४ टक्के वेळ कामात होती. लोकशाही गटांत ५० टक्के, मोकाट सोडलेल्यांत ३३ टक्के. इथेच थांबलं तर कडक साहेब जिंकला. पण संशोधक मुद्दाम नेत्याला खोलीबाहेर पाठवत. तो जाताच ७४चे २९ झाले. लोकशाही गट ५० वरून ४६ वर, म्हणजे जेमतेम हलला. आणि मोकाट गट? तिथे नेता गेल्यावर काम वाढून ४९ टक्क्यांवर गेलं. असल्या नेत्यापेक्षा नसलेला बरा, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही. वीसपैकी एकोणीस मुलांना हुकूमशाहीपेक्षा लोकशाही नेता आवडला. उरलेला एक सैन्याधिकाऱ्याचा मुलगा होता.

हे निष्कर्ष जगभर व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवले जातात. रॉबर्ट मीड यांनी भारतात केलेल्या अशाच प्रयोगाचं नाव मात्र फारसं निघत नाही. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चित्र उलटं दिसलं: इथली मुलं हुकूम देणाऱ्या नेत्याच्या हाताखाली जास्त रमली आणि त्यांचं कामही सरस झालं. घरात, शाळेत मोठ्यांनी सांगायचं आणि लहानांनी करायचं, हीच सवय असलेल्या मुलांना 'तुम्हीच ठरवा' म्हणणारा माणूस गोंधळलेला वाटला तर नवल नाही.

पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी हा धागा पुढे नेला. १९८०च्या त्यांच्या मांडणीत भारतीय संस्थांत चालणारा नेता वडीलधाऱ्यासारखा असतो: माया करतो, पण काम चोख झालं तरच. हाताखालची माणसं तयार होत गेली की त्याने निर्णय हळूहळू त्यांच्याकडे सोपवायचे. आपल्याकडे गाडी अडते ती इथेच. मायेचा भाग सगळे साहेब हौसेने करतात. सोपवायची वेळ निवृत्तीपर्यंत येत नाही.

न सोपवण्याची किंमत हिमालयातल्या मोहिमांच्या नोंदींत दिसते. एरिक अ‍ॅनिसिच आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ५,१०४ मोहिमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५६ देशांचे ३०,६२५ गिर्यारोहक होते. ज्या समाजांत वरच्याचा शब्द अंतिम मानतात, तिथल्या मोहिमांतले जास्त लोक शिखरावर पोचले. आणि त्यांच्यातलेच जास्त मेले. संशोधकांचं स्पष्टीकरण असं: एकाच्या हुकमाने चालणाऱ्या तुकडीत गोंधळ कमी होतो, पण धोका दिसला तरी खालचा माणूस म्होरक्याला टोकायला कचरतो. कदाचित त्या देशांचे गिर्यारोहकच जास्त धाडसी असतील, अशी शंका येते. तीही त्यांनी तपासली. एकट्याने चढणाऱ्यांत देशागणिक असा फरक आढळला नाही.